जुन्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक : घरच्या घरी दोष कसा ओळखावा?

इंजिन एका दमात सुरू होते, धूरही जास्त नाही. पण भरलेली ट्रॉली चढावर ओढत नाही. गिअर टाकताना खर्र आवाज येतो किंवा उचललेला नांगर आपोआप खाली बसतो. हजारो तास चाललेल्या ट्रॅक्टरमध्ये अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. अशा वेळी दोष इंजिनात नसून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत, पीटीओपर्यंत आणि लिफ्टपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांत असतो.

या भागांची दुरुस्ती खर्चिक असण्याचे मुख्य कारण मजुरी. क्लच प्लेट बदलायची झाली तरी बहुतेक ट्रॅक्टरमध्ये इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात, म्हणजेच ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. हे काम ऐन पेरणीत किंवा चिखलणीत निघाले तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा गेलेला वाफसा महाग पडतो. काही वेळा ट्रॅक्टर फोडल्यावर कळते, की दोष फक्त पेडलच्या चालीत किंवा कमी झालेल्या तेलात होता. म्हणून गॅरेजला नेण्यापूर्वी खालील तपासण्या क्रमाने करा. त्यासाठी पाने, जॅक, टेप, लोहचुंबक, पांढरे कापड आणि एक पारदर्शक बाटली एवढे साहित्य पुरते.

तपासणीपूर्वी सुरक्षितता

- ट्रॅक्टर सपाट, कठीण व मोकळ्या जागेवर उभा करा. ट्रॉली व अवजार सोडून ठेवा. ज्या चाचणीत अवजार लागते तेथे तसे सांगितले आहे.
- मागचे चाक उचलायचे असल्यास पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. ॲक्सलखाली मजबूत आधार द्या.
- हायड्रोलिकवर उचललेल्या अवजाराखाली हात, पाय किंवा डोके घालू नका. पाइप फुटला किंवा लिव्हरला धक्का लागला तर अवजार क्षणात खाली येते.
- दाबाखालील तेलाची गळती बोटाने चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरा.
- स्टार्टरच्या टोकांना पाना लावून ट्रॅक्टर सुरू करू नका. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर सुरू होताच अंगावर येतो.
- सैल धोतर, उपरणे, साडीचा पदर, ओढणी फिरत्या पीटीओपासून दूर ठेवा. मुलांना तपासणीच्या जागी येऊ देऊ नका.

आधी मार्ग समजून घ्या

इंजिनाची ताकद फ्लायव्हीलवरून क्लचमध्ये, तेथून गिअरबॉक्समध्ये, पुढे क्राउन-पिनियन व डिफरन्शियलमधून फायनल ड्राइव्हला आणि शेवटी मागच्या चाकांना मिळते. पीटीओ व हायड्रोलिक पंप या मार्गावरच किंवा त्याला समांतर जोडलेले असतात.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबले की चाकांची गती थांबते आणि पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. एकेरी क्लचमध्ये दोन्ही एकदम थांबतात. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये कोणता क्लच आहे आणि हायड्रोलिक पंप इंजिनावरून चालतो की पीटीओच्या शाफ्टवरून, हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा. पंप पीटीओच्या शाफ्टवरून चालत असेल तर क्लच पूर्ण दाबल्यावर लिफ्ट थांबणे हा दोष नाही.

अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रोलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच तेल असते. त्यामुळे या तेलात पाणी शिरले तर नुकसान चार ठिकाणी होते. म्हणूनच तपासणीची सुरुवात तेलापासून करावी.

पहिली तपासणी : तेल

पातळी : इंजिन बंद करून, लिफ्ट पूर्ण खाली सोडून, काही मिनिटे थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला व पातळी पाहा. टिपर ट्रॉली जोडलेली असेल तर तिचा जॅक पूर्ण खाली बसलेला असावा, कारण ट्रॉली उचललेली असताना ट्रॅक्टरमधील बरेच तेल त्या जॅकमध्ये असते.

रंग : स्वच्छ तेल पारदर्शक, सोनेरी किंवा तपकिरी दिसते. दुधट, चहासारखे तेल म्हणजे पाणी मिसळले आहे. भाताची चिखलणी, ओढ्यातून वाहतूक, जोराच्या पाण्याने धुणे किंवा गिअर लिव्हरचे फाटलेले रबर ही पाणी शिरण्याची नेहमीची कारणे आहेत. रायगड-रत्नागिरीपासून भंडारा-गोंदियापर्यंत भात पट्ट्यात चिखलणी संपल्यावर ही तपासणी दरवर्षी करावी.

पाण्याची खात्री : थोडे तेल पारदर्शक बाटलीत घेऊन रात्रभर न हलवता ठेवा. मोकळे पाणी तळाशी बसते. पाणी तेलात पूर्ण मिसळून गेले असेल तर ते वेगळे दिसत नाही. तेव्हा तापलेल्या जुन्या तव्यावर तेलाचा एकच थेंब टाका. तडतड आवाज आला तर तेलात पाणी आहे. ही चाचणी उघड्यावर, चेहरा लांब ठेवून व चष्मा लावून करा. थेंबापेक्षा जास्त तेल टाकू नका.

फेस : तेलावर फेस असेल तर पातळी कमी असणे, पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरणे किंवा चुकीचे तेल भरलेले असणे ही कारणे तपासा.

धातूचे कण : तेल बदलताना निचऱ्याच्या बोल्टवरील चुंबक पाहा. त्यावर बारीक काळपट लेप असणे जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण, चकत्या किंवा दातांचे तुकडे दिसले तर ते स्वाभाविक नाही. तेल पांढऱ्या कापडातून गाळा. चुंबकाला चिकटणारे कण गिअर किंवा बेअरिंगचे असतात. न चिकटणारे पिवळसर कण पितळी बुश किंवा वॉशरचे असतात.

तेलाचा प्रकार : तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरला त्यासाठीचेच यूटीटीओ प्रकारचे तेल लागते. त्यात साधे गिअर ऑइल भरले तर ब्रेक लावताना घरघर व हिसके येऊ शकतात. जुन्या, कोरड्या ब्रेकच्या काही ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सला वेगळे तेल असते. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल वापरा. आवाज दबावा म्हणून जास्त घट्ट तेल भरू नका. त्याने झीज थांबत नाही आणि थंडीत हायड्रोलिक पंपाला तेल ओढणे जड जाते.

दुसरी तपासणी : क्लच

पेडलची मोकळी चाल

पेडल हाताने दाबा. सुरुवातीला ते हलके जाते व नंतर जड लागते. हलक्या भागातील अंतर टेपने मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ही चाल साधारण २० ते ३० मि.मी. असते, तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो.

प्लेट झिजत जाते तशी मोकळी चाल कमी होते. चाल अजिबात नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही व घसरतो. चाल फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर वाजतो. दोन्ही वेळा आधी पेडलच्या दांडीवरील नट फिरवून चाल योग्य करा आणि मगच पुढच्या चाचण्या करा. चाल दुरुस्त केल्यावर दोष गेला, तर ट्रॅक्टर फोडण्याचे कारणच उरत नाही. चाल जुळवण्यास दांडीवर आटे शिल्लक नसतील तर प्लेट संपत आल्याचे समजावे.

क्लच घसरतो का?

लक्षणे : चढावर किंवा नांगरटीत इंजिनाचा वेग वाढतो पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही, करपल्याचा वास येतो, ट्रॉली भरलेली असतानाच त्रास होतो.

चाचणी : ट्रॅक्टरच्या पुढे व मागे कोणी नाही याची खात्री करा. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून पूर्ण दाबा व लॉक करा. सर्वांत वरचा गिअर टाका. इंजिन मंद वेगापेक्षा थोडे जास्त ठेवून क्लच हळूहळू सोडा.

- इंजिन दबून बंद पडले तर क्लच धरतो आहे.
- ट्रॅक्टर जागेवर आणि इंजिन मात्र चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. लगेच पेडल दाबा.
- ट्रॅक्टर पुढे सरकला तर आधी ब्रेक दुरुस्त करा. ही चाचणी त्या ब्रेकवर होणार नाही.

ही चाचणी एकदाच व काही सेकंदच करा. वारंवार केल्यास चांगली प्लेटही तापते.

क्लच पूर्ण सुटतो का?

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद वेगावर ठेवा. क्लच पूर्ण दाबून मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि मग रिव्हर्स गिअर टाका. गिअर शांतपणे पडला तर क्लच ठीक आहे. इतके थांबूनही खर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. कारणे : जास्त मोकळी चाल, वाकलेली प्लेट, प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची असमान असणे किंवा प्लेट शाफ्टवर गंजून अडकणे.

पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. पेडल जाते, पण गिअर पडतच नाही. अशा वेळी धक्के देऊन किंवा गिअरमध्ये सुरू करून प्लेट सोडवण्याचा प्रयत्न करू नका. ट्रॅक्टर जास्त दिवस उभा ठेवायचा असेल तर क्लच पेडल दाबून त्याच्या कडीत अडकवा किंवा लाकडी ठोकळ्याने दाबलेले ठेवा, म्हणजे प्लेट चिकटत नाही.

क्लचच्या घराखालील छिद्र

क्लचच्या घराच्या तळाशी एक छिद्र असते. अनेक ट्रॅक्टरमध्ये त्यात एक सैल पिन लोंबते व ते बुजू देत नाही. पिन हलवून पाहा. छिद्रातून काय गळते त्यावरून बरेच कळते.

- काळे पातळ तेल : इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील गेले.
- सोनेरी किंवा तपकिरी तेल : गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले.
- पाणी किंवा चिखल : चिखलणीत आत पाणी शिरले.

तेल प्लेटवर गेले की क्लच घसरतो. तेथे नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. सील न बदलल्यास नवी प्लेटही तेलाने भिजते. काही ट्रॅक्टरमध्ये चिखलणीसाठी हे छिद्र बंद करण्याचा वेगळा प्लग मिळतो. चिखलणी संपताच तो आठवणीने काढावा. अन्यथा आत साचलेले तेल बाहेर येण्यास वाट राहत नाही.

क्लचचे आवाज

- पेडल थोडेसे दाबताच चिरचिर आवाज सुरू होतो व पाय काढला की थांबतो : रिलीज बेअरिंग.
- न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना घरघर आणि पेडल दाबताच शांत : गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग.
- गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून ठेवले असतानाच आवाज : फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग किंवा रिलीज बेअरिंग.

तिसरी तपासणी : गिअरबॉक्स

मोकळ्या रस्त्यावर रिकामा ट्रॅक्टर एकेक गिअरमध्ये चालवा. आवाज कोणत्या गिअरमध्ये येतो हे कागदावर लिहा. दोष कुठे आहे हे आवाजापेक्षा तो कधी येतो यावरून जास्त कळते.

- एकाच गिअरमध्ये आवाज : त्या गिअरच्या जोडीचे दात झिजले किंवा तुटले.
- सर्व गिअरमध्ये आवाज : तेल कमी किंवा शाफ्टची बेअरिंग सैल.
- हाय किंवा लो यांपैकी एकाच रेंजमध्ये आवाज : त्या रेंजचे गिअर.
- न्यूट्रलमध्ये शांत पण ट्रॅक्टर चालताना आवाज, गिअर कोणताही असो : गिअरबॉक्सच्या मागील भाग, म्हणजे क्राउन-पिनियन किंवा फायनल ड्राइव्ह.

गिअर सुटणे : ओढ असताना किंवा उतारावर गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो. आधी लिव्हर खालच्या चटईला, फूटबोर्डला किंवा सीटला अडकतो का ते पाहा. तसे नसेल तर शिफ्टर दांडीतील स्प्रिंग व गोळी, शिफ्टर फोर्क किंवा गिअरच्या दातांची कड झिजली आहे. स्प्रिंग व गोळीचे काम बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये वरचे झाकण काढून होते, त्यासाठी ट्रॅक्टर फोडावा लागत नाही. दात झिजले असतील तर मात्र फोडावाच लागतो. लिव्हर हाताने किंवा दोरीने धरून काम पुढे रेटू नका. उताराला भरलेली ट्रॉली मागे असताना गिअर सुटला तर नुसत्या ब्रेकवर ती आवरणे कठीण जाते.

दोन गिअर एकदम पडणे : क्लच सोडताच इंजिन बंद पडते, ट्रॅक्टर पुढेही जात नाही आणि मागेही. लिव्हर मात्र न्यूट्रलमध्ये असल्यासारखा सैल हलतो. लिव्हरचे टोक झिजून फोर्कच्या खाचेतून निसटल्याचे हे लक्षण आहे. ओढून नेण्याचा प्रयत्न करू नका. मेकॅनिकला शेतावर बोलावून वरचे झाकण उघडून घ्या.

सकाळी गिअर जड, तापल्यावर मोकळे : थंडीत तेल घट्ट असते. थोडा वेळ चालल्यावर गिअर मोकळे होत असतील तर तो दोष नाही.

चौथी तपासणी : डिफरन्शियल, फायनल ड्राइव्ह आणि ब्रेक

सुरू होताना 'टक' असा झटका : आधी ट्रॉली सोडून पाहा. हुकाचे भोक व पिन झिजल्यानेही असाच आवाज येतो. ट्रॉली सोडल्यावरही आवाज राहिला तर क्राउन-पिनियनमधील फट वाढली असू शकते.

फक्त वळताना आवाज : डिफरन्शियलमधील लहान गिअर किंवा त्यांचे वॉशर.

वळताना ट्रॅक्टर सरळ जाऊ पाहतो, एक टायर घासतो : डिफरन्शियल लॉक सुटलेला नाही. त्याचे पेडल परत वर येते का व स्प्रिंग शाबूत आहे का ते पाहा. लॉक अडकलेला असताना रस्त्यावर जाऊ नका.

चाक फिरवून पाहणे : मागील भाग आधारावर सुरक्षित उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने फिरते. तो डिफरन्शियलचा स्वभाव आहे. चाक अडखळत फिरले, खडखडले किंवा वर-खाली हलवल्यावर हालचाल जाणवली तर ॲक्सलचे बेअरिंग तपासून घ्या.

ब्रेक एका बाजूला ओढतो : कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये ॲक्सलचे सील गेले की तेल ब्रेकवर येते आणि ती बाजू धरत नाही. चाकाच्या आतील बाजूला तेलाचा ओघळ आहे का पाहा. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरमध्ये हा दोष 'नंतर बघू' म्हणण्यासारखा नाही. मागे भरलेली ट्रॉली आणि एकाच बाजूचा ब्रेक असे झाले तर ट्रॅक्टर आडवा होतो.

पाचवी तपासणी : पीटीओ

रोटाव्हेटर दाबल्यावर थांबतो असे दिसले तर नजर आधी शाफ्टवर ठेवा. सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहा.

- पीटीओ शाफ्ट फिरतो पण रोटाव्हेटर थांबतो : दोष अवजारात आहे. शिअर बोल्ट तुटला, अवजाराचा स्वतःचा क्लच घसरतो किंवा त्याची चेन अथवा गिअर गेला.
- इंजिन वेगात चालू, पण शाफ्टच मंदावतो : ट्रॅक्टरचा पीटीओ क्लच घसरतो.
- पेडल पूर्ण दाबूनही पीटीओ थांबत नाही : दुहेरी क्लचची जुळवणी बिघडली. तोपर्यंत अवजाराजवळ जाण्यापूर्वी इंजिन बंदच करा.

शिअर बोल्टच्या जागी कठीण बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नका. बोल्ट तुटतो म्हणूनच गिअरबॉक्स वाचतो.

सहावी तपासणी : हायड्रोलिक लिफ्ट

लिफ्ट अजिबात उचलत नसेल तर आधी तेल, लिव्हरची जागा आणि बाहेरच्या नळीचा व्हॉल्व्ह पाहा. व्हॉल्व्ह टिपरच्या बाजूला वळलेला राहिल्याने लिफ्ट बंद वाटते.

पंप की लिफ्ट? : टिपर ट्रॉली जोडून पाहा. ट्रॉली नीट उचलली जाते पण लिफ्ट उचलत नाही, तर पंप चांगला आहे व दोष लिफ्टच्या सिलिंडरमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे. दोन्ही उचलत नाहीत, तर तेलाची जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह तपासावा. जाळी धुण्याचे काम सर्वांत स्वस्त म्हणून तेथून सुरुवात करावी.

अवजार खाली बसते का? : नेहमीचे अवजार उचला, जमिनीपासून त्याची उंची मोजा, इंजिन बंद करा. काही मिनिटांनी पुन्हा मोजा. अवजार नजरेला दिसेल असे खाली उतरत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्हमधून तेल मागे जाते. इंजिन चालू असताना उचललेले अवजार मान हलवल्यासारखे वर-खाली होत असेल तर त्याचेही कारण हेच आहे. अवजार थोडे उतरते, कंट्रोल व्हॉल्व्ह ते पुन्हा उचलतो आणि हे चालूच राहते.

थंड असताना उचलते, तापल्यावर नाही : तेल तापून पातळ झाल्यावर झिजलेल्या पंपातून किंवा सीलमधून मागे जाते. तेल पुस्तिकेप्रमाणे असूनही हा त्रास असेल तर दाब मोजून घ्यावा.

पंपाचा कण्हल्यासारखा आवाज : जाळी तुंबली किंवा ओढीच्या पाइपमधून हवा शिरते.

गावात एकच टिपर ट्रॉली अनेक ट्रॅक्टरना लावली जाते. त्या ट्रॉलीच्या जॅकमधील घाण तेल व पाणी तुमच्या गिअरबॉक्समध्ये येते. नळीची टोके पुसूनच जोडा आणि अशा वापरानंतर तेलाचा रंग पाहत जा.

कोणता दोष किती थांबू शकतो?

लगेच काम थांबवा : तेलात धातूचे तुकडे, दोन गिअर एकदम पडणे, ओढीत गिअर सुटणे, एका बाजूचा ब्रेक न धरणे, क्लचमधून धूर, अचानक सुरू झालेला मोठा खडखडाट.

या आठवड्यात करा : दुधट तेल, क्लच घसरणे, पीटीओ न थांबणे, ॲक्सलच्या सीलची गळती.

हंगाम संपेपर्यंत लक्ष ठेवून चालेल : रिलीज बेअरिंगचा हलका आवाज; इंजिन बंद असताना अवजार सावकाश खाली बसणे; थंडीत गिअर जड पडणे.

दुधट तेल दिसल्यास नुसते तेल बदलून थांबू नका. पाणी कोठून शिरले ते शोधा : लिव्हरचे रबर, ब्रीदर, डिपस्टिकचे झाकण आणि ॲक्सलचे सील. ट्रॅक्टर तापलेला असताना तेल काढा, जाळी धुवा, नवे तेल भरा. थोडे दिवस काम केल्यावर रंग पुन्हा पाहा. काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या.

ट्रॅक्टर फोडावाच लागला तर

फोडण्याची मजुरी एकदाच द्यायची आहे. म्हणून आत गेल्यावर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग, इंजिनाचे मागचे सील आणि गिअरबॉक्सचे पुढचे सील तपासून घ्या. बेअरिंग व सील यांची किंमत मजुरीच्या मानाने कमी असते, त्यामुळे जुनीच परत बसवणे परवडत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे किंवा खोल चरे असतील तर तो लेथवर घासून घ्यावा लागेल का, हे विचारा. काढलेले सुटे भाग स्वतः पाहा व ताब्यात घ्या.

मेकॅनिककडे जाताना पुढील गोष्टी लिहून न्या : मीटरवरील तास, तेल शेवटी केव्हा व कोणते भरले, दोष थंड असताना की तापल्यावर, रिकामा की ओढीत, कोणत्या गिअरमध्ये, क्लच दाबल्यावर फरक पडतो का, पेडलची मोकळी चाल किती, तेलाचा रंग व कण. 'गिअरबॉक्स वाजतो' एवढेच सांगितले तर सगळे उघडून बघावे लागते. 'तिसऱ्या गिअरमध्ये, ओढीत, तापल्यावर वाजतो' असे सांगितले तर मेकॅनिक नेमक्या जागी हात घालतो.

जुना ट्रॅक्टर विकत घेताना

याच चाचण्या खरेदीपूर्वी करा. मालकाला सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नये. थंड ट्रॅक्टर दोष लपवत नाही. नुकतेच भरलेले ताजे तेल दिसले तर ते केव्हा व का बदलले ते विचारा. मीटरवर तास कमी पण पेडलचे रबर गुळगुळीत आणि हुकाचे भोक लांबट झालेले असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. शेवटी अवजार जोडून अर्धा तास काम करून पाहा, कारण अनेक दोष तेल तापल्यावरच दिसतात.

झीज कमी करण्यासाठी

- चालवताना क्लच पेडलवर पाय ठेवू नका. पायाच्या वजनानेही रिलीज बेअरिंग फिरत राहते व प्लेट घसरते.
- चढावर ट्रॅक्टर अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका, ब्रेक वापरा.
- उतारावर न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.
- हाय-लो लिव्हर ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच बदला.
- धुताना ब्रीदर व लिव्हरच्या रबरावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.
- दर आठवड्याला डिपस्टिक आणि क्लचखालचे छिद्र पाहा. महिन्यातून एकदा पेडलची चाल मोजून वहीत लिहा. चाल पूर्वीपेक्षा लवकर कमी होऊ लागली तर प्लेट संपत आली आहे, हे हंगामाआधीच कळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : वरील तेल तपासणी व क्लचची चाल मोजणे ही दोन प्रात्यक्षिके गावात एका ट्रॅक्टरवर तासाभरात दाखवता येतात. पावसाळ्यापूर्वी आणि चिखलणीनंतर ती घेतल्यास जास्त उपयोग होतो. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात चौकशी करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेतही शेतकरी व तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षण वर्ग होतात.